अख्खा नकाशा

सरोजाक्का माणसांना नावानं हाक मारत नसत. माणूस भेटला की आधी त्याचं गाव विचारायच्या आणि पुढे त्याच गावाच्या नावानं त्याला ओळखायच्या. अभिलेखागाराच्या वाचनकक्षात कागद आणून देणारे गृहस्थ त्यांच्यासाठी 'वेलूर' होते, झेरॉक्स काढणाऱ्या बाई 'कुंभकोणम' होत्या, आणि चेन्नईत होते तोवर मी 'सांगली' होते. माझं खरं नाव त्यांना नीट ठाऊक होतं. दिवाळीच्या कार्डावर त्या ते शुद्ध लिहायच्या. पण हाक मात्र, "सांगली, इकडे ये गे."

मी तेव्हा रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. ऑफिस शोळिंगनल्लूरच्या बाजूला. रस्ता रुंद करायचा होता आणि त्याखालून पाण्याला जायला मोऱ्या कुठे ठेवायच्या ते ठरवायचं होतं. जुने ओढे, जुनी तळी कुठे होती ते कळलं तर बरं पडेल, असं आमच्या साहेबांना वाटलं आणि त्यांनी मला सरकारी अभिलेखागारात पाठवलं. जा आणि जुने नकाशे घेऊन ये, इतकंच सांगितलं. वाण्याकडून साखर आणायची असावी तसं.

तिथे गेले आणि मागणीच्या चिठ्ठीवर मी 'चेन्नईचे जुने नकाशे' असं लिहून दिलं. पहिल्यांदा चिठ्ठी परत आली. दुसऱ्यांदा एक मोठा देखणा नकाशा आला. किल्ला होता, बंदर होतं, गल्ल्यांची नावं होती. दक्षिणेला नदी होती आणि नदीपलीकडे कोरा कागद. मला हवा होता तो सगळा भाग त्या कोऱ्या कागदात. जेवायच्या सुट्टीत व्हरांड्यात उभी राहून मी आईला फोनवर सांगत होते की हे काम काही मला जमायचं नाही, मी परत येते. फोन ठेवला तर बाजूच्या बाकावर बसून डब्यातला दहीभात खाणाऱ्या एक बाई माझ्याकडे बघत होत्या. सुती साडी, केसांचा लहानसा अंबाडा, चष्म्याला दोरी.

"तुम्हीं कोठल्या?" त्यांनी विचारलं.

शब्द मराठी होते आणि चाल तमिळ. तंजावरकडच्या मराठी लोकांबद्दल मी ऐकून होते, पण त्यांचं बोलणं कानावर पडण्याची ती पहिलीच वेळ. अक्कांचं मराठी आमच्या पणजीच्याही आधीचं वाटायचं, आणि त्यात मधेच 'आमां' आणि 'सरी' असे तमिळ होकार यायचे. मला ते जसंच्या तसं लिहिता येणार नाही. इथे जे लिहिते आहे ते माझ्या कानाला राहिलं तसं.

मी सांगली म्हटल्यावर त्यांनी विचारलं, गाव कृष्णेच्या डाव्या तीरावर की उजव्या? मला सांगता येईना. पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग डावं-उजवं ठरतं, हे त्यांनी मला डबा बंद करता करता शिकवलं. माझं गाव डाव्या तीरावर निघालं. मग काय शोधताय, असं विचारलं. मी सांगितलं.

"मद्रासच्या नकाशांत मद्रास सोडून दुसरें कांहीं मिळायचें नाहीं," त्या म्हणाल्या. "तुमचा रस्ता त्या काळीं चेंगलपट्टू जिल्ह्यांत होता. आधीं जिल्हा माग, मग तालुका, मग गांव."

एवढ्या दोन वाक्यांत मी 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते.

अक्का तांबरमच्या एका मुलींच्या कॉलेजात भूगोल शिकवत असत. निवृत्त झाल्यानंतर त्या अभिलेखागारात येऊ लागल्या ते कुणी पाठवलं म्हणून नाही. चेंगलपट्टू भागातल्या एऱ्यांचा, म्हणजे पावसाचं पाणी अडवणाऱ्या जुन्या गावतळ्यांचा, त्यांना नाद होता. एक एरी भरली की जास्तीचं पाणी कालवाय नावाच्या ओढ्यासारख्या चरातून खालच्या एरीत जायचं, तिथून त्याखालच्या, असं समुद्रापर्यंत. ही साखळी कुठून कुठे जात होती ते त्यांना जुळवायचं होतं. पुस्तक करणार का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, आधी जुळू दे.

त्यांच्या काही रीती होत्या. नकाशा टेबलावर यायच्या आधी त्या हात साबणानं धुऊन स्वतःच्या पंच्याला पुसायच्या आणि मलाही धुवायला लावायच्या. नकाशा उलगडला की मधे बघायचं नाही. आधी चारी कोपरे वाचायचे. कोणी काढला, कोणासाठी काढला, कशापायी काढला, मोजमाप काय धरलं. सारा वसूल करायला काढलेल्या नकाशात शेत बारकाईनं दिसतं आणि ओढा कसातरी दिसतो, लष्करानं काढलेल्यात रस्ता दिसतो आणि शेत दिसत नाही, हे त्या मला पुन्हा पुन्हा सांगायच्या. त्यानंतर त्या नकाशा फिरवायच्या. जगभर उत्तर वर असते. अक्कांच्या टेबलावर पूर्व खाली असायची, त्यांच्या पोटाशी. इकडचं सगळं पाणी पूर्वेला समुद्राकडे जातं, तेव्हा ते आपल्याकडे येताना दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सवय इतकी की घरातही त्या दिशांनी बोलायच्या. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मीठ मागितलं तर म्हणाल्या, ईशान्येला बघ. मी तशीच उभी राहिले.

वळणावळणाची रेघ मोजायला त्या कापसाची वात वापरायच्या. पाण्यात किंचित ओलसर करून नाही, अगदी कोरडी. ती रेघेच्या जरा वर धरून वळवत न्यायची, कागदाला टेकवायची नाही, मग सरळ करून पट्टीवर मोजायची. मी ऑफिसात संगणकावर तीच लांबी काढली होती. दोन्ही आकड्यांत फारसा फरक पडला नाही. अक्का खूश झाल्या आणि म्हणाल्या, तुझं यंत्र बरं आहे.

पण त्यांनी मला दिलेली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच. महिनाभर यादीत नकाशे शोधून माझ्या हाती फार काही लागलं नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "नकाशा शोधूं नको. भांडण शोध."

म्हणजे असं की, चांगले नकाशे नकाशांच्या यादीत सापडत नाहीत. वरच्या गावानं पाणी अडवलं म्हणून खालच्या गावानं अर्ज केला, बांध फोडला, मारामारी झाली, की सरकार मोजणीदार पाठवायचं. तो जागेवर जाऊन नकाशा काढायचा आणि तो नकाशा त्या तंट्याच्या कागदांना जोडला जायचा. यादीत नाव असतं तंट्याचं. मी तंटे शोधायला लागले आणि मला नकाशे मिळायला लागले. त्यांच्या आधारावर मी साहेबांना तीन जादा मोऱ्या मागितल्या. एक मंजूर झाली.

कधी रविवारी त्या मला घेऊन पायी फिरायच्या. बस जिथे उगीचच चढते आणि उतरते तिथे जुना बांध असतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. लोक म्हणतात म्हणून त्या काही मानत नसत, आणि नकाशात आहे म्हणूनही नाही. एकदा एका चहाच्या टपरीवर एक म्हातारी सांगू लागली की एरी पार त्या देवळापर्यंत होती, तिनं स्वतः तिथे म्हशी धुतल्या आहेत. मला ते ऐकायला फार आवडत होतं. अक्कांनी चहा संपवला आणि तिला तमिळमध्ये सांगितलं की देवळापर्यंत पाणी असतं तर देऊळ बुडालं असतं, तुम्ही म्हशी धुतल्या ती खालची कुंटी असेल, लहान डबकं. म्हातारी रागावली. अक्कांनी तिचं बोलणं वहीत लिहिलं, पुढे स्वतःची शंका लिहिली, आणि आम्ही निघालो. मी म्हटलं, अक्का, कशाला दुखवलंत तिला? तर म्हणाल्या की तिच्या तोंडावर मान डोलवायची आणि घरी जाऊन खोडायचं, हे त्यापेक्षा वाईट.

अक्कांचं घर तांबरमच्या पश्चिमेला एका वसाहतीत होतं. प्लॉट त्यांच्या वडिलांनी घेतलेला. वडील रेल्वेत होते आणि या घराचा त्यांना फार अभिमान होता, असं अक्का सांगायच्या. मागे त्याचे दोन भाग झाले. एका भागात अक्का एकट्या राहायच्या, भिंतीपलीकडे त्यांचा धाकटा भाऊ सेतुमाधव आणि त्याची बायको, जिला सगळे वहिनी म्हणायचे. सेतुमामा, मी त्यांना मामाच म्हणत असे, बँकेतून निवृत्त झाले होते आणि रहिवासी संघाचे सेक्रेटरी होते. उंच, बोलके, सकाळी कपाळाला गंध लावून रस्त्यावरच्या दिव्यांची पाहणी करणारे. बहिणीचा त्यांना अभिमान होता. माझी ओळख करून देताना ते म्हणायचे की आमची अक्का सरकारपेक्षा जास्त जुनी कागदपत्रं वाचते.

त्या वर्षी ऐप्पसीत, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुमारास, पाऊस थांबेना. वसाहतीत गुडघ्याच्या वर पाणी आलं. दर वर्षीच यायचं, पण त्या वर्षी घराघरांत शिरलं. वसाहतीच्या टोकाला, जुन्या बांधाच्या कडेला, झोपड्यांची एक वस्ती होती. या लोकांनी कालवायीवर झोपड्या बांधल्या म्हणून पाणी तुंबतं, असं सगळ्या वसाहतीचं मत होतं. सेतुमामांनी तालुका कचेरीत अर्ज केला. तहसीलदार म्हणाले, कालवाय तिथून जात होती याला पुरावा आणा. सेतुमामांनी सभेत सांगितलं की पुरावा आमच्या घरातच आहे.

अक्कांनी होकार दिला. हे सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की त्या पहिल्यापासून वस्तीच्या बाजूनं होत्या. तसं नव्हतं. त्यांचाही अंदाज कालवाय वस्तीखालून जाते असाच होता, आणि पाणी त्यांच्याही घरात शिरलं होतं. चार कपाटं पुस्तकं ओली झाली होती.

शोधायला बरेच महिने गेले. गावाचा नेहमीचा नकाशा मिळाला, पण त्यात कालवाय एका रेघेची आणि मधेच तुटलेली. मग अक्का भांडणाच्या मागे लागल्या. शेवटी वरच्या आणि खालच्या गावातला पाण्याचा एक जुना तंटा सापडला आणि त्याच्या कागदांत, कापडावर चिकटवलेला, घडीवर झिजलेला नकाशा. पाणी फिक्या निळ्या रंगात, बांध दुहेरी रेघेत, आणि एरीच्या सांडव्यापासून खालच्या एरीपर्यंत कालवाय, पूर्ण, एकाही ठिकाणी न तुटलेली. शेजारच्या टेबलावर मी होते. अक्का तो नकाशा फिरवून, पूर्व पोटाशी घेऊन, सबंध दुपार बसून राहिल्या.

आता तो जमिनीवर बसवायचा होता. नकाशात अम्मनचं देऊळ होतं, बांधाच्या वळणावरचा दगड होता, एक विहीर होती. तिन्ही अजून जागेवर होती. मी ऑफिसातून लांब टेप घेऊन गेले. दगडापासून मोजत गेलो तर वस्ती कालवायीच्या बरीच उत्तरेला राहिली. नकाशात तिथे गुरं थांबायची सरकारी जागा दाखवली होती, उंचवट्यावर. अक्का म्हणाल्या, विहिरीपासून मोज. विहिरीपासून मोजलं. टेपचं टोक धरून मी रिकाम्या प्लॉटमधून पुढे पुढे जात होते आणि अक्का मागून आकडा सांगत होत्या. त्यांनी थांब म्हटलं तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला टेकले होते.

त्यांनी देवळापासून पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तीच भिंत. भिंतीपलीकडे सेतुमामांचं परसू, त्याच्यापलीकडे आणखी एक घर, मग मोकळी जागा आणि रस्ता. रेघ त्या सगळ्यांतून सरळ जात होती.

आत येऊन त्यांनी कॉफी केली. ज्या ओट्यावर केली तो बहुतेक कालवायीच्या बरोबर मधोमध असावा. मला पेला दिला आणि म्हणाल्या, "अप्पांना ठाऊक असेल कीं गे?"

मी म्हटलं, नसेल. प्लॉट पाडणाऱ्यानं आधी बुजवून मग विकला असेल. त्या म्हणाल्या, असेल. पण अप्पा रेल्वेतले, रुळाखालची मोरी बघणारे. त्यांना ओली माती कळत नव्हती असं कसं म्हणू?

सेतुमामांना त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तेव्हा मी तिथे नव्हते. पुढचं अक्कांनीच मला सांगितलं. मामा आधी हसले, मग घाबरले. त्यांनी निवृत्तीनंतर वरचा मजला चढवला होता. घर कालवायीवर आहे असं एकदा कागदावर आलं की सरकार ते पाडेल, किंवा निदान कुणी विकत घेणार नाही, ही त्यांची भीती खोटी नव्हती. ते म्हणाले, तू अप्पांना चोर ठरवते आहेस. अक्का म्हणाल्या, चोर म्हणत नाही. इथे पाणी होतं, एवढंच म्हणते. मग मामांनी एक तोड सुचवली. नकाशाचा वरचा अर्धा भागच द्यायचा. त्यात सांडवा आहे, बांध आहे, कालवाय सुरू झालेली दिसते, आणि जवळच वस्तीची जागा आहे. पुढे ती कुठे वळते ते त्या भागात नाही. बघणारा काय समजायचं ते समजेल. त्यात खोटं अक्षर नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात अक्का रोज वाचनकक्षात आल्या आणि रोज तोच नकाशा मागवला. एका दुपारी मी पाहिलं की त्यांनी एक कोरा कागद घेऊन नकाशाचा खालचा भाग झाकला आणि तसाच बघत राहिल्या. मग कागद वर सरकवून वरचा भाग झाकला. पुन्हा खालचा. मी बघते आहे हे त्यांना कळलं.

"अर्धा केला तरी सुंदर दिसतो गे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कोरा कागद घडी करून पिशवीत टाकला आणि अख्ख्या नकाशाची प्रमाणित नक्कल मिळावी म्हणून अर्ज लिहायला घेतला.

सुनावणीला गुंडाळी धरायला मी गेले होते. कचेरीत एका बाजूला संघाचे लोक, सेतुमामा पुढे. दुसऱ्या बाजूला वस्तीतले चौघे-पाच जण. त्यांच्या वतीनं बोलायला सेल्वी नावाची एक बाई होती, कोपऱ्यावर इडलीची गाडी लावणारी. अक्कांनी तहसीलदारांच्या टेबलावर नकाशा पसरला आणि सवयीनं त्यांच्याकडे पूर्व केली. ते चक्रावले. अक्कांनी शिकवायच्या आवाजात आधी कोपरे वाचून दाखवले, मग सांडव्यापासून बोट न उचलता रेघ खालपर्यंत नेली. संघातले दोघे उठून टेबलाजवळ आले. वस्ती कुठे येते असं तहसीलदारांनी विचारलं. अक्कांनी दाखवलं, रेघेच्या बाहेर. मग त्यांनी विचारलं, आणि मॅडम, तुमचं घर?

अक्कांनी बोट रेघेवर ठेवलं. "इथे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "पुढचं माझ्या भावाचं."

सेतुमामा उठून बाहेर गेले. त्यांच्या चपला दाराशी होत्या. त्या घालताना त्यांना बराच वेळ लागला.

बाहेर आल्यावर सेल्वीनं अक्कांना गाठलं. तिला एकच विचारायचं होतं: आम्ही तिथे राहू शकतो असं त्या नकाशात आहे का? अक्का हो म्हणतील असं मला वाटलं; निदान त्या क्षणी तरी. त्या म्हणाल्या, नाही. ती जागा सरकारीच आहे. पाणी तिथून जात नाही, एवढंच नकाशा सांगतो. सेल्वीनं थोडा विचार केला आणि म्हणाली की इतकी वर्षं पाणी आमच्यामुळे येतं असं ऐकत होतो. ते तरी आता कुणी म्हणू नये.

त्या कामाचं कचेरीत पुढे काही झालं नाही. चौकशी चालू आहे, असं उत्तर यायचं. वस्ती मी चेन्नई सोडेपर्यंत तिथेच होती. संघानं अर्जाचा विषय पुन्हा काढला नाही. अक्कांना मात्र सभेची आमंत्रणं थांबली, आणि भिंतीपलीकडून बोलणंही. वहिनी कधी अंगणातून मान हलवायच्या. सेतुमामा तेवढंही नाही. अक्कांनी त्याबद्दल कुणाकडे तक्रार केल्याचं मला आठवत नाही. फक्त एकदा, वर्षप्रतिपदेला मी गेले तेव्हा, त्यांनी पोळ्या जास्त केल्या होत्या आणि त्या डब्यात तशाच होत्या.

उन्हाळ्यात त्यांनी गवंडी बोलावला. स्वयंपाकघराचा मागचा भाग पाडायचा आणि परसाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चर खणायचा. गवंड्याला वाटलं बाईंना विहीर हवी आहे. मग वाटलं, गटार. काय हवं आहे ते कळल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं की यांच्या घरी मोठं माणूस कोणी नाही का. मीही समजावलं. म्हटलं, अक्का, वरून रिकाम्या प्लॉटमधून पाणी येईल, पण पुढे मामांची भिंत आहे. चर भिंतीला जाऊन थांबणार. याचा उपयोग काय? त्या म्हणाल्या, माझ्याकडचा भाग मी मोकळा केला. दुसऱ्याच्या परसात मी कशी खणू?

शेगडी पुढच्या खोलीत आली. मीठ आता पश्चिमेला गेलं. चर झाला, नीट, नकाशातल्या रुंदीचा, आणि भिंतीशी थांबला. अवकाळी सरी आल्या की त्यात पाणी साचायचं. डास होतील म्हणून लोकांनी नावं ठेवली, तेव्हा अक्कांनी त्यात गप्पी मासे सोडले.

पुढच्या ऐप्पसीत पुन्हा जोरात पाऊस झाला. सांडव्याचं पाणी रिकाम्या प्लॉटमधून अक्कांच्या चरात आलं आणि भिंतीशी चढू लागलं. दोन दिवस चढत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीच्या पलीकडून ठोके ऐकू आले. सेतुमामांनी पहार घेऊन स्वतःच्या बाजूनं, तळाशी, विटा काढायला सुरुवात केली होती. त्यांना कुणाचं काही पटलं होतं असं नाही. विटा काढल्या नसत्या तर भिंत पडली असती आणि पाणी एकदम घरात आलं असतं. भोक पडलं, पाणी त्यांच्या परसात गेलं, तिथून शेजारच्या भिंतीला लागलं. त्या घरातल्या निवृत्त मास्तरांनी मामांचं बघून आपलीही भिंत तळाशी फोडली. पुढे मोकळी जागा आणि रस्त्याखालची बुजलेली मोरी. ती नगरपालिकेकडून साफ करून घ्यायला मामांनी चार दिवस फेऱ्या मारल्या. ते काम त्यांना चांगलं जमायचं. त्या वर्षी वसाहतीत पाणी आलं, पण घोट्यापर्यंत. पुढच्या उन्हाळ्यात मामांनी आणि मास्तरांनी आपापल्या परसात चर बांधून घेतला. याबद्दल कुणी अक्कांचं नाव काढलं नाही आणि त्यांनीही ते काढायला लावलं नाही.

नंतर मी पुण्याला आले. फोनवर बोलणं व्हायचं. साखळीतल्या आणखी दोन एऱ्या जुळल्या, आता एकच अडली आहे, असं त्या सांगायच्या. त्या गेल्याचं वहिनींनी कळवलं. कागद सगळे त्यांच्या कॉलेजात दिले, असंही सांगितलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या वर्षी, कामासाठी चेन्नईला गेले होते तेव्हा. पाऊस नुकताच उघडला होता. पुढचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं, म्हणून मी बाजूच्या बोळातून परसाकडे गेले. अक्कांच्या गुडघ्यांनी तोवर दगा दिला होता. तरी त्या चराच्या काठावर, पाट घेऊन, भिंतीच्या भोकाशी बसल्या होत्या. वरून आलेला कचरा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नारळाच्या करवंट्या पुढे जाऊ नयेत म्हणून भोकात एक लाकडी फळी बसवलेली होती, आणि पाणी तिच्या मागे तुंबलं होतं. अक्का हातानं एकेक पिशवी काढून बादलीत टाकत होत्या. भिंतीवरून पलीकडे सेतुमामांचं पांढरं डोकं दिसत होतं, वाकलेलं. तेही काठीनं त्यांच्या बाजूचा गाळ ओढत होते. दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर होती, मधे भिंत. मी हाक मारणार होते, पण थांबले.

बराच वेळ दोन्हीकडून फक्त पाण्यात हात घातल्याचे आवाज येत होते. मग पलीकडून मामा म्हणाले, "झालें कीं?"

"झालें," अक्का म्हणाल्या.

"सोड मग."

अक्कांनी दोन्ही हातांनी फळी धरली आणि वर उचलली.